रोझेटो : एका गावाच्या हृदयाची कथा

अन्न, वस्त्र व निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा होत, असे आपण सर्वजण शाळेत शिकलो. पुढे या यादीत आरोग्य व शिक्षण यांची भर पडली. परंतु ‘आपण कोणाचे तरी आहोत आणि कोणीतरी आपले आहे’ ही जाणीव या यादीत सहसा आढळत नाही. हवेसारखी ती आपल्याभोवती असतेच, असे गृहीत धरून माणसे जगत आली. ती हवा विरळ होऊ लागली तेव्हा कुठे विद्वानांचे लक्ष तिच्याकडे गेले. संस्कृती, आपलेपणा आणि माणसाचे स्वास्थ्य यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हा प्रश्न आज समाजशास्त्र, मानसशास्त्र व वैद्यकशास्त्र या तिन्ही विद्याशाखांत मोठ्या आस्थेने अभ्यासला जात आहे.

या संशोधनाच्या इतिहासातील एक गाजलेले प्रकरण एका लहानशा कॅथोलिक धर्मग्रामाशी निगडित आहे. त्या गावाचे नाव रोझेटो. आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांत ‘रोझेटो परिणाम’ या नावाने त्याचा उल्लेख होत असतो. आपल्याकडे मात्र हे नाव फारसे कोणाच्या कानी आलेले नाही. म्हणून त्या गावाचा उदय, त्याची भरभराट आणि भरभराटीतूनच त्याने गमावलेले एक धन, यांचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

डोंगरावरून खाणीकडे

इटलीच्या दक्षिण भागात, आपुलिया प्रांतातील फोज्जा जिल्ह्यात, रोझेटो वाल्फोर्तोरे नावाचे डोंगरमाथ्यावरील गाव आहे. एकोणिसाव्या शतकात तेथील माणसे एक तर आसपासच्या डोंगरांतील संगमरवराच्या खाणीत राबत, नाही तर खालच्या खोऱ्यात शेती कसत. पहाटे काही मैल डोंगर उतरून शेतावर जायचे आणि सायंकाळी तोच डोंगर चढून घरी यायचे, हा त्यांचा नित्यक्रम होता. दारिद्र्य पिढीजात होते; लिहिता-वाचता येणारे थोडे होते. १८६१ साली इटली एक राष्ट्र झाले खरे, पण दक्षिणेतील गरीब शेतकऱ्याच्या पदरात त्या ऐक्याचे फळ फारसे पडले नाही. त्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीतील लक्षावधी लोकांनी अमेरिकेची वाट धरली, ती याच कारणाने.

१८८२ सालच्या जानेवारी महिन्यात रोझेटोतील दहा पुरुष आणि एक मुलगा, असे अकरा जण न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजावर चढले. तेथून ते पश्चिमेकडे गेले आणि सुमारे दीडशे किलोमीटरवरील पेनसिल्व्हेनिया राज्यात, बँगर या गावाजवळच्या दगडाच्या खाणीत त्यांना काम मिळाले. हा दगड म्हणजे आपल्या लहानपणीच्या शाळेतील दगडी पाट्यांचाच. घरांची छपरे शाकारण्यासाठी व शाळांतील फळ्यांसाठी त्याला मोठी मागणी होती. पहिल्या तुकडीची पत्रे गावी पोचली आणि मागोमाग दुसरी तुकडी निघाली. पुढे तर रांगच लागली. एकट्या १८९४ साली रोझेटोतील सुमारे बाराशे जणांनी परदेशगमनाच्या परवान्यासाठी अर्ज केले. मूळ गावातील कित्येक गल्ल्या ओस पडल्या.

बँगरमध्ये आधीपासून वेल्श व इंग्रज लोकांची वस्ती होती. खाणीतील चांगली कामे त्यांच्याकडे होती. या नवागतांची भाषा वेगळी, धर्मपंथ वेगळा, खाणेपिणे वेगळे. त्यांचे स्वागत कोणी केले नाही. तेव्हा या लोकांनी बँगरच्या वरच्या अंगाला डोंगरउतारावर जमीन घेतली आणि अरुंद रस्त्यांच्या दोहो बाजूंना एकमेकांना खेटून दगडी घरे बांधली. प्रारंभी त्या वस्तीला ‘नवी इटली’ म्हणत. लवकरच तिला ‘रोझेटो’ हे माहेरचे नाव मिळाले. कार्मेल मातेच्या नावाने चर्च उभे राहिले. मुख्य रस्त्याला मात्र नाव दिले गॅरिबाल्डीचे! पोपमहोदयांच्या राज्याविरुद्ध ज्याने शस्त्र उचलले, त्या सेनानीचे नाव आणि कार्मेल मातेचे चर्च या दोहोंना एकाच गावात जागा मिळाली. परदेशात गेलेला माणूस मायदेशाच्या आठवणी निवडून-पाखडून ठेवीत नाही. सगळ्याच उराशी धरतो, हेच खरे.

धर्मगुरू आणि बियाण्याच्या पुड्या

येथवरची हकीकत अमेरिकेतील शेकडो इटालियन वस्त्यांची आहे. रोझेटोला वेगळे वळण लागले ते १८९६ साली. त्या वर्षी फादर पास्काले दे निस्को नावाचे तरुण व उत्साही धर्मगुरू तेथे आले. त्यांना काय दिसले? खाणीतून थकून आलेली माणसे, उघडी-बोडकी आवारे आणि एकत्र राहूनही विस्कळीत असलेली वस्ती. एकाच गावातून आलेली माणसे आपोआप एक समाज बनतात असे नाही. पोटासाठी धावताना शेजाऱ्याचा हेवा करणे, मिळेल ते आपल्यापुरते साठवणे, हेही परदेशात सहज घडते.

फादर दे निस्को यांनी भक्तिमंडळे स्थापिली, सणाच्या मिरवणुका सुरू केल्या. परंतु ते वेदीपाशी थांबले नाहीत. त्यांनी लोकांना घरामागच्या लांबट परसातील झाडोरा साफ करावयास लावले, बियाणे व कंद वाटले, आणि कांदे, बटाटे, घेवडे, खरबुजे व फळझाडे लावावयास शिकवले. परसात भाजी पिकू लागली. मांडवावर द्राक्षाचे वेल चढले. घरोघरी डुकरे पाळली जाऊ लागली आणि घरची वाइन होऊ लागली. हळूहळू शाळा, उद्यान, धर्मभगिनींचा मठ व दफनभूमी यांची भर पडली. मुख्य रस्त्यावर दुकाने, भटारखाने व उपाहारगृहे निघाली. स्त्रियांचे कपडे शिवण्याचे डझनाहून अधिक कारखाने उभे राहिले व त्यांत गावच्या स्त्रियांना काम मिळाले. १९१२ साली रोझेटोला स्वतंत्र नगराचा दर्जा प्राप्त झाला.

आमच्या मते या कथेचे मर्म येथेच आहे. ‘जुन्या काळी माणसे प्रेमळ होती, म्हणून गावे सुखी होती,’ असे आपण सहज म्हणून जातो. रोझेटोचा इतिहास तसे सांगत नाही. तेथील आपलेपणा इटलीतून गाठोड्यात बांधून आणलेला नव्हता. तो पेरावा लागला, त्याला पाणी घालावे लागले. त्यासाठी मंडळे स्थापावी लागली, सभा भरवाव्या लागल्या, सणाची वर्गणी गोळा करावी लागली. पुढे संशोधक तेथे पोचले तेव्हा दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या या गावात त्यांना बावीस सार्वजनिक मंडळे आढळली. बावीस मंडळे म्हणजे बावीस हिशेबवह्या, बावीस ठिकाणचे वाद आणि ते मिटविण्याच्या बावीस जागा. आपलेपणाचे काम असे किचकट असते.

वैद्यांना पडलेले कोडे

१९६०च्या सुमारास ओक्लाहोमा विद्यापीठातील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. स्ट्युअर्ट वुल्फ हे उन्हाळ्यात या भागातील आपल्या शेतघरी येत असत. एकदा तेथील डॉक्टरांच्या मंडळापुढे त्यांचे व्याख्यान झाले. त्यानंतर गप्पा मारताना एक स्थानिक डॉक्टर त्यांना म्हणाले की, आपल्याकडे आसपासच्या सर्व गावांतून रुग्ण येतात, परंतु रोझेटोतील पासष्टीच्या आतला हृदयरोगी क्वचितच दृष्टीस पडतो. डॉ. वुल्फ चकित झाले. त्या काळी अमेरिकेत हृदयविकार साथीसारखा पसरला होता. पासष्टीच्या आतील पुरुषांच्या मृत्यूचे ते प्रमुख कारण होते.

डॉ. वुल्फ यांनी जुने मृत्यूचे दाखले तपासले आणि १९६१ साली सहकारी व विद्यार्थी यांसह ते रोझेटोत दाखल झाले. गावकऱ्यांनी त्यांना साहाय्य केले. लोकांचे रक्त तपासण्यात आले, हृदयाचे आलेख काढण्यात आले, घराण्यांच्या वंशावळी मांडण्यात आल्या. १९६४ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. रोझेटोतील हृदयविकाराच्या मृत्यूंचे प्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्याहूनही कमी होते. पंचावन्न वर्षांखालील तर जवळजवळ कोणीही या विकाराने दगावले नव्हते.

कारण काय असावे? संशोधकांनी एकेक शक्यता घेऊन तपासली. प्रथम आहार. ही माणसे ऑलिव्हचे तेल वापरीत असतील, अशी अटकळ होती. प्रत्यक्षात ती डुकराच्या चरबीत रांधत होती. त्यांच्या आहारातील ४१ टक्के उष्मांक स्निग्ध पदार्थांतून येत होते. इटलीत नाताळ व ईस्टरपुरती होणारी पक्वान्ने येथे वर्षभर होत. कित्येक जण लठ्ठ होते, पुष्कळजण भरपूर धूम्रपान करीत. मग रक्तातच काही गुण असेल काय? पण याच गावचे जे आप्त अमेरिकेत इतरत्र जाऊन राहिले होते, त्यांना हे कवच लाभलेले नव्हते. मग हवा-पाणी? बँगर तर अवघ्या मैलभरावर. पाणी तेच, डॉक्टर तेच, रुग्णालयही तेच. जवळच नाझरेथ नावाचे दुसरे एक गाव होते. तेथील आकडेही बँगरसारखेच होते.

अखेर वुल्फ आणि त्यांचे समाजशास्त्रज्ञ सहकारी जॉन ब्रून यांनी गावातून हिंडून माणसे पाहण्यास प्रारंभ केला, आणि उत्तर हळूहळू आकार घेऊ लागले. अनेक घरांत तीन पिढ्या एका छपराखाली राहत होत्या. वृद्धांना मान होता आणि कामही होते. नातवंडांचे संगोपन व भांडणांचा निवाडा त्यांच्याकडे असे. संध्याकाळी माणसे रस्त्यावर फिरत, थांबत, आपल्या बोलीत बोलत. रविवारची मिस्सा सर्वांना एकत्र आणी. घरात कोणाचा मृत्यू झाला, कोणाची नोकरी गेली, तर ते संकट एका घराचे राहत नसे.

आणखी एक गोष्ट संशोधकांच्या नजरेस आली, ती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. गावात सधन माणसे होती, निर्धनही होती. परंतु कपड्यांवरून वा घरांवरून कोण कोणता ते सांगता येत नसे. श्रीमंतीचे प्रदर्शन करणे हे तेथे असभ्यपणाचे समजले जाई. त्यामागे दृष्ट लागण्याची भीतीही होती! धर्मगुरू या नात्याने आम्ही अशा समजुतींचा पुरस्कार करणार नाही. तरीही त्या समजुतीने एक काम केले, हे नमूद केले पाहिजे. ज्याच्याकडे अधिक होते त्याचा हात तिने आखडला, आणि ज्याच्याकडे कमी होते त्याला मान खाली घालण्याची वेळ येऊ दिली नाही. आपलेपणाला विषमता जेवढी मारते त्याहून विषमतेचा दिमाख अधिक मारतो.

खरे ठरलेले भाकीत

संशोधकांनी १९६०च्या दशकाच्या आरंभीच एक भाकीत केले होते. रोझेटोतील लोक शेजारच्या अमेरिकन समाजासारखे जगू लागले, तर त्यांच्या हृदयाचे हे संरक्षण नाहीसे होईल, असे ते म्हणाले होते.

तसेच घडले. खाणीत व कारखान्यात घाम गाळलेल्या आईबापांनी मुलांना कॉलेजात धाडले होते. मुले शिकली, चांगल्या पगारावर लागली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावाच्या कडेला प्रशस्त आवारांची, कुंपणांची नवी घरे उठू लागली. दारात मोठ्या मोटारी आल्या, कोठे पोहण्याचे तलाव आले. एका छपराखालच्या तीन पिढ्यांची दोन-तीन घरे झाली. चालत होणारी भेट मोटारीने होऊ लागली आणि मग सणासुदीपुरती उरली. मंडळांची उपस्थिती रोडावली. जे दाखविणे पूर्वी लाजिरवाणे होते, ते दाखविण्यात आता संकोच उरला नाही.

१९७१ साली पंचेचाळीस वर्षांखालील एक रोझेटोकर हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावला. त्या वयाच्या माणसाचा असा मृत्यू गावात प्रथमच नोंदला गेला. पुढे ब्रेंडा एगॉल्फ, ज्युडिथ लास्कर, वुल्फ व त्यांचे सहकारी यांनी १९३५ ते १९८५ या पन्नास वर्षांतील रोझेटो व बँगर येथील मृत्यूच्या दाखल्यांचा तौलनिक अभ्यास केला. तो १९९२ साली प्रसिद्ध झाला. पहिली तीस वर्षे रोझेटोचे प्रमाण बँगरपेक्षा कमी होते. नंतर ते चढत गेले आणि बँगरच्या बरोबरीला आले. कौतुकाची गोष्ट म्हणावी तर, याच काळात लोकांनी चरबी सोडली होती आणि धूम्रपानही कमी केले होते. शरीराची काळजी वाढली असतानाही हृदयाचे दुखणे वाढले.

या ऱ्हासाला कोणी शत्रू कारण झाला नाही, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी घ्यावी. गावावर संकट आले नाही, दुष्काळ पडला नाही, श्रद्धेचा छळ झाला नाही. प्रत्येक बापाने आपल्या लेकरासाठी जे मागितले होते, तेच त्याला मिळाले. शिक्षण, चांगले घर, स्वतंत्र संसार यांपैकी एकही मागणी अनुचित नव्हती. सगळ्या योग्य मागण्या पुऱ्या झाल्या, आणि त्यांच्या बेरजेत कोणीही न मागितलेला एकटेपणा आला.

शंका आणि पुरावे

एका गावाच्या कथेवर किती भार टाकावा, हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही विचारला. हृदयविकार व आहार यांचे ख्यातनाम अभ्यासक अँसेल कीज यांनी १९६६ सालीच रोझेटोच्या निष्कर्षांवर आक्षेप घेतले. हजार-दीड हजार वस्तीच्या गावात मृत्यूंची संख्या मुळातच थोडी. तेथे दोन-चार मृत्यू इकडे-तिकडे झाले तरी प्रमाण बदलते, ही अडचण खरीच आहे. म्हणून रोझेटोला एकट्याने साक्षीला उभे करणे रास्त होणार नाही.

परंतु ते एकटे नाही. फ्रान्समधील समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ सालीच आत्महत्येवरील आपल्या ग्रंथात या विचाराचा पाया घातला होता. कॅथोलिक प्रदेशांत आत्महत्यांचे प्रमाण प्रॉटेस्टंट प्रदेशांपेक्षा कमी असल्याचे त्यांनी दाखविले. आपल्या धर्मशिकवणीची ही थोरवी, असे कोणी म्हणेल, तर दुर्खीम यांचे उत्तर निराळे होते. आत्महत्या दोन्ही पंथांत सारखीच निषिद्ध होती. फरक होता तो माणसांना एकत्र बांधणाऱ्या सामूहिक जीवनाचा. कॅथोलिक प्रदेशांत अशा मृत्यूंची नोंद झाकून होत असावी, असा आक्षेप पुढील अभ्यासकांनी घेतला. तोही नजरेआड करता येत नाही. मात्र माणसाचे सर्वांत खाजगी दुःखसुद्धा त्याच्या समाजाच्या घडणीशी जोडलेले असते, हा दुर्खीम यांचा विचार आजही उभा आहे.

१९७९ साली कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यातील अभ्यास प्रसिद्ध झाला. लिसा बर्कमन व लेनर्ड साइम यांनी ६,९२८ प्रौढांची नऊ वर्षांची माहिती तपासली. विवाह, आप्त व मित्र, चर्चचे सदस्यत्व आणि अन्य संस्थांचे सदस्यत्व, अशी चार प्रकारची नाती त्यांनी मोजली. ज्यांची ही नाती सर्वांत तुटपुंजी होती त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, सर्वाधिक नाती असलेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक आढळले. धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा यांचा हिशेब वेगळा करूनही हा संबंध टिकून राहिला. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन लाखांहून अधिक माणसांवरील १४८ अभ्यासांचे सार काढले, तेव्हाही तोच निष्कर्ष हाती आला. २०२५ सालच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाच्या अहवालाप्रमाणे जगातील दर सहा माणसांमागे एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे, आणि एकाकीपणाशी निगडित मृत्यूंची संख्या वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार इतकी आहे. रोझेटोच्या लहानशा आकड्यांनी जे सुचविले होते, त्याला मोठ्या आकड्यांनी दुजोरा दिला आहे.

नाण्याची दुसरी बाजू

एका धर्मगुरूच्या प्रयत्नाने गाव उभे राहिले, हे वाचून आपल्याला आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. पण येथेच थांबलो तर आम्ही वाचकांपुढे अर्धेच सत्य ठेवल्यासारखे होईल. आपलेपणा उभारणाऱ्या हातांनी तो मोडलाही जातो, आणि याची साक्ष अमेरिकेच्या शेजारच्याच देशात आहे.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तेथील मूळ रहिवाशांच्या सुमारे दोनशे वस्त्या आहेत. या समाजातील तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण फार मोठे आहे, असे सर्वसाधारणपणे बोलले जाई. मायकेल चँडलर व ख्रिस्तोफर लालोंद या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली दाखवून दिले की, हे प्रमाण सर्व वस्त्यांत सारखे नाही. काही वस्त्यांत ते भयंकर होते, तर कित्येक वस्त्यांत अशी एकही घटना घडलेली नव्हती. ज्या वस्त्यांनी स्वशासन मिळविले होते, आपल्या जमिनीसाठी दावे लावले होते, ज्यांच्या शाळा व आरोग्यसेवा त्यांच्याच हाती होत्या, ज्यांनी आपल्या संस्कृतीसाठी वास्तू उभारल्या होत्या, त्यांतील तरुण जगत होते. जेथे यांपैकी काहीच उरले नव्हते, तेथे तरुणांना उद्याचा दिवस दिसत नव्हता.

हे सगळे त्यांच्या हातून गेले कसे? त्याच्या अनेक कारणांतील एक म्हणजे निवासी शाळा. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत कॅनडात सुमारे दीड लाख मूलनिवासी मुलांना आईबापांपासून दूर अशा शाळांत ठेवण्यात आले. तेथे त्यांची भाषा बोलण्यास मज्जाव होता, त्यांच्या चालीरीती तुच्छ मानल्या जात. शाळा सरकारच्या धोरणाने चालत, परंतु त्यांतील पुष्कळ शाळांचा कारभार कॅथोलिक धर्मसंघांकडे होता. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी कॅनडातील मास्क्वासिस येथे जाऊन त्या समाजाची क्षमा मागितली.

या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहाव्यात, अशी आमची विनंती आहे. दोन्हीकडे ख्रिस्तसभा आहे, दोन्हीकडे व्रतस्थ माणसे आहेत. फादर दे निस्को यांनी लोकांची भाषा, त्यांचे सण, त्यांचे खाणेपिणे, अगदी त्यांच्या परसातील मातीसुद्धा हाती घेतली आणि तीतून समाज उभा केला. निवासी शाळांनी आधी मुलाच्या तोंडची भाषा काढून घेतली आणि मग त्याला शुभवर्तमान देऊ केले. माणसाला देवाच्या घरी आणावयाचे असेल, तर त्याला आधी त्याच्या स्वतःच्या घरातून उठविण्याची गरज नसते.

रोझेटोच्या आपलेपणालाही एक किंमत होती, हेही नमूद करावयास हवे. तेथे प्रत्येकावर प्रत्येकाची नजर होती. वेगळे वागू पाहणाऱ्याला, बाहेरचा जोडीदार निवडू पाहणाऱ्याला तो आधार जाच वाटला असल्यास नवल नाही. बँगरच्या लोकांनी दूर लोटले म्हणून ही माणसे इतकी जवळ आली, हेही विसरता येत नाही. बाहेरच्यांच्या द्वेषावर किंवा आतल्यांच्या घुसमटीवर पोसलेला आपलेपणा फार काळ निरोगी राहत नाही. म्हणून जुने रोझेटो जसेच्या तसे परत आणावे, असे आम्ही सुचवीत नाही. ते शक्य नाही आणि सर्वस्वी इष्टही नाही.

आपल्यासाठी काही विचार

मग या इतिहासातून आपण काय घ्यावे? आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही आज अशाच उंबरठ्यावर आहेत. मुले शिकली, परदेशी गेली. जुन्या घराच्या जागी नवे घर आले, नव्या घराला उंच कुंपण आले. यांत दोष कोणाचाच नाही. प्रश्न एवढाच की, जे पूर्वी एका छपराखाली आपसूक घडत होते, ते आता आपण जाणीवपूर्वक घडवून आणणार आहोत की नाही?

त्यासाठी मोठ्या योजनांची आवश्यकता आहे असे आम्हांस वाटत नाही. रोझेटोत जे केले गेले ते लहान होते आणि पुन्हापुन्हा केले गेले. वृद्धांना नुसता मान पुरत नाही, त्यांच्याकडे काही काम सोपवावे लागते. मंडळाच्या सभेला दहाच माणसे आली तरी ती सभा भरवावी लागते. विवाहाच्या व सणाच्या खर्चात सधनाने हात आखडता घेतला, तर शेजारच्या गरिबाला कर्ज काढावे लागत नाही. असा संयम हा दानधर्माइतकाच मोलाचा आहे. नव्याने राहावयास आलेले कुटुंब, एकटी राहणारी वृद्धा, मिस्सा संपताच कोणाशी न बोलता निघून जाणारा तरुण, यांची नावे धर्मग्रामात कोणाला तरी ठाऊक असावी लागतात. प्रारंभीच्या ख्रिस्ती समाजाचे जे वर्णन प्रेषितांच्या कृत्यांत आले आहे, त्यात प्रार्थनेइतकेच महत्त्व एकत्र भोजनाला व वाटून घेण्याला आहे, हे आपण जाणतोच.

फादर दे निस्को यांना हृदयविकाराचे शास्त्र अवगत नव्हते. आपल्या कामामुळे पन्नास-साठ वर्षांनंतर शेकडो माणसांची आयुष्ये लांबलेली आढळतील, याची त्यांना कल्पना असणे शक्यच नव्हते. समोरच्या माणसांना काय हवे ते त्यांनी पाहिले आणि बियाण्याच्या पुड्या वाटल्या. आपल्या धर्मग्रामात आज कोणती पुडी कोणाच्या हाती द्यावयाची, हे ज्याने त्याने आपल्या आळीत पाहून ठरवावे. रोझेटोच्या लोकांना आपल्याजवळ काय होते ते ते गेल्यावर, आणि तेही परक्या संशोधकांकडून कळले. आपल्याला ते आधी कळले आहे.